स्टीव्ही रे वॉन यांच्या गिटारचा आवाज कुठून येतो?

आपल्या प्रश्नात खरे तर दोन प्रश्न आहेत. दोन वर्षे इलेक्ट्रिक गिटार शिकल्यावर आपण अमेरिकन गिटारवादक स्टीव्ही रे वॉन यांच्यासारख्या जाड तारा लावल्या, ते वापरत तसले पेडल (पायाने दाबून गिटारचा आवाज बदलणारे उपकरण) घेतले, बोटे सोलवटून निघाली, आणि तरीही तो भरदार आवाज येत नाही, हा पहिला. वॉन हे जिमी हेंड्रिक्स आणि अल्बर्ट किंग यांची उत्तम नक्कल करणारे वादक होते, असे आपले मित्र म्हणतात, त्यात तथ्य किती, हा दुसरा. ब्लूज, म्हणजे अमेरिकेतील कृष्णवर्णीयांनी घडवलेले संगीत, वाजवताना आणि शिकवताना हे दोन्ही प्रश्न माझ्यासमोर वारंवार आले आहेत, आणि दोन्हींचे मूळ मला एकाच गैरसमजात दिसते. वॉन यांना आपण सोलो वाजवणारा गिटारवादक म्हणून ऐकतो. वस्तुतः ते आधी ठेक्याचे वादक होते. तो ठेका कुठे, कसा आणि कोणाच्या सहवासात घडला हे त्यांच्या आयुष्यात स्पष्ट दिसते, म्हणून तारा आणि पेडलांकडे येण्याआधी त्या आयुष्याकडे वळणे भाग आहे.

वॉन यांचा जन्म ३ ऑक्टोबर १९५४ रोजी टेक्सासमधील डॅलस शहरात झाला आणि तिथल्याच ओक क्लिफ भागात ते वाढले. वडील अ‍ॅस्बेस्टॉसच्या कामावर मजुरी करत. कामाच्या शोधात कुटुंबाची बिऱ्हाडे सतत बदलत असत, आणि वडिलांच्या दारूमुळे घरातले वातावरण कायम धास्तीचे असे. सातव्या वर्षी मिळालेली पहिली गिटार हे निव्वळ खेळणे होते. खरी शाळा होती ती साडेतीन वर्षांनी मोठ्या असलेल्या जिमी या भावाची: जिमी ज्या रेकॉर्डी घरी आणत त्या स्टीव्ही ऐकत, आणि जिमींनी टाकून दिलेल्या गिटारींवर ते हात बसवत. १९६३ मध्ये स्टीव्हींनी स्वतःच्या पैशांनी घेतलेली पहिली रेकॉर्ड लॉनी मॅक यांच्या ‘व्हॅम’ या वाद्यरचनेची होती. स्वरलेखन वाचायला ते कधीच शिकले नाहीत. जे काही मिळवले ते कानाने उचलून. हे मुद्दाम नोंदवतो, कारण कानाने शिकणारा माणूस नुसते स्वर उचलत नाही. स्वर किती जोराने छेडला, कुठे तोडला, ठेक्याच्या किती पुढे किंवा मागे ठेवला, हे सगळे त्याच्या हातात आपोआप उतरते. छापील टॅबमधून, म्हणजे कोणती तार कुठे दाबायची ते दाखवणाऱ्या लेखनातून, शिकणाऱ्याकडून नेमके हेच निसटते.

सतराव्या वर्षी शाळा अर्धवट सोडून वॉन ऑस्टिनला गेले आणि पुढची दहाएक वर्षे तिथल्या लहानसहान क्लबांत वाजवत राहिले. त्यांच्या चरित्रातला हा काळ बहुतेक लेखांत दोन ओळींत उरकला जातो. माझ्या मते तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. ब्लॅकबर्ड, क्रॅकरजॅक, नाइटक्रॉलर्स, पॉल रे अँड द कोब्राज अशा एकामागून एक बँडांत ते होते, आणि यांतल्या बहुतेक ठिकाणी त्यांच्यावर गाण्याची मुख्य जबाबदारी नव्हती. दुसरा कोणी गात असताना त्याच्या मागे ठेका धरायचा, दोन ओळींच्या मधल्या जागेत छोटेसे उत्तर द्यायचे आणि लोकांना नाचते ठेवायचे, हे काम रात्रीमागून रात्री चालले. नाइटक्रॉलर्समध्ये ड्रम सांभाळत गाणारे डॉइल ब्रॅमहॉल होते. वॉन यांच्या पुढच्या गायकीवर त्यांची छाया स्पष्ट आहे, आणि दोघांची गीतलेखनातली साथ शेवटपर्यंत टिकली.

१९७५ मध्ये क्लिफर्ड अँटोन यांनी ऑस्टिनमध्ये ‘अँटोन्स’ हा क्लब सुरू केला. मडी वॉटर्स, बडी गाय, अल्बर्ट किंग, ह्यूबर्ट समलिन अशी शिकागो आणि मेम्फिसच्या परंपरेतली मोठी माणसे तिथे येऊन वाजवू लागली. विशी-एकविशीतल्या वॉन यांना हे वादक रेकॉर्डीऐवजी हाताच्या अंतरावरून पाहायला मिळाले. अल्बर्ट किंग स्वभावाने कडक होते आणि कोणालाही सहज मंचावर घेत नसत. अँटोन यांच्या आग्रहाखातर त्यांनी या तरुणाला बाजूला उभे राहू दिले, आणि मग त्याचे वाजवणे ऐकून त्याला तिथेच ठेवून घेतले. घराण्याच्या तालमीत वाढलेला शिष्य मैफलीत गुरूच्या मागे तंबोरा धरून बसतो आणि हळूहळू आवाज मिसळू लागतो, तसे हे शिक्षण होते.

१९७७ मध्ये ट्रिपल थ्रेट रिव्ह्यू हा बँड झाला आणि पुढच्याच वर्षी त्यातून डबल ट्रबल उभा राहिला. हे नाव ओटिस रश यांच्या एका गाण्यावरून घेतलेले आहे. मुख्य गायिका लू अ‍ॅन बार्टन १९७९ मध्ये बाहेर पडल्या आणि गाण्याची जबाबदारी पूर्णपणे वॉन यांच्यावर आली. ड्रमवर क्रिस लेटन होते, आणि १९८१ मध्ये बासवर टॉमी शॅनन आले, जे पूर्वी जॉनी विंटर यांच्याबरोबर वाजवत असत. आता गिटार एकच. गात असतानाही ठेका तिनेच धरायचा, दोन ओळींमधला जवाबही तिनेच द्यायचा आणि सोलोत मागे दुसरी गिटार नसल्याची उणीवही भासू द्यायची नाही. आपण ज्याला वॉन यांची शैली म्हणतो ती या गरजेतून आकाराला आली आहे. त्यांच्या गाण्याकडे लोक दुर्लक्ष करतात याचे मला नेहमी वाईट वाटते, कारण तो खरखरीत, ओळीच्या शेवटी किंचित मागे रेंगाळणारा आवाज आणि गिटार यांच्यात सतत सवाल-जवाब चाललेला असतो. आवाज थांबल्याशिवाय गिटार सहसा बोलत नाही, आणि गिटार बोलताना आवाज तिला पुरेशी जागा देतो.

आता हाताकडे येऊ. १९८३ च्या ‘टेक्सास फ्लड’ या पहिल्या अल्बममधले ‘प्राइड अँड जॉय’ आपण वाजवता असे लिहिले आहे, म्हणून तेच घेतो. ठेका शफलचा आहे. आपल्या परिचयाच्या शब्दांत सांगायचे तर चार मात्रा, प्रत्येक मात्रा तिस्र जातीत, आणि त्या तीन भागांपैकी मधला गाळलेला. अशा चार मात्रांचा एक ‘बार’, आणि तसल्या बारा बारांचे एक आवर्तन. सर्वसाधारण वादक इथे खालच्या दोन तारांवर एक साचा धरून बसतो. वॉन यांच्या हातात मात्र तीन कामे एकदम चालतात. मात्रेवर पिक (तारा छेडायची छोटी पट्टी) खाली येताना जाड तारांवर चालता बास वाजतो. मात्रेच्या शेवटच्या तृतीयांशावर पिक वर जाताना पातळ तारा, बहुधा खुल्या, झणकारतात. आणि त्या झणकारल्या क्षणी डावा हात टेकून त्यांना गप्प करतो. परिणामी बास, गिटारचा ठोका आणि जवळजवळ झांजेसारखा कोरडा खट्ट आवाज हे तिन्ही एकाच वाद्यातून येतात. १९८३ च्या जुलैमध्ये टोरंटोच्या एल मोकॅम्बो क्लबमध्ये झालेल्या त्यांच्या कार्यक्रमाचे चित्रीकरण उपलब्ध आहे. त्यात डाव्या हाताकडे न बघता फक्त उजवा हात बघा. पिक एका तारेपुरते हलत नाही, ते सहाही तारांवरून फिरते, आणि नको असलेल्या तारा डाव्या हाताची बोटे व मानेवरून आलेला अंगठा झाकून ठेवतात.

आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर इथेच आहे. सोलो वाजवतानाही ते हीच हालचाल ठेवतात. एकच स्वर हवा असला तरी पिक आधीच्या दोन-तीन दाबलेल्या तारांना घासत पूर्ण जोराने त्या स्वरावर आदळते, म्हणून त्या एका स्वराला ठोक्याचे वजन येते. एवढा जोर ०.००९ किंवा ०.०१० इंचांची पातळ पहिली तार सोसत नाही. ती फ्रेटवर (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्टीवर) खडखडते आणि स्वर वर चढून बेसूर होतो. वॉन ०.०१३ इंचांची पहिली तार वापरत आणि सगळी गिटार अर्धा स्वर खाली, म्हणजे ‘ई’ऐवजी ‘ई फ्लॅट’मध्ये मिळवत, त्यामुळे ताण थोडा कमी होई आणि मींड ओढणे शक्य होई. जाड तारा त्यांच्या उजव्या हाताची गरज म्हणून आल्या. तो हात नसताना तारा तेवढ्या लावल्या तर बोटांना इजा होते आणि आवाजात काहीच भर पडत नाही, हा अनुभव आपण घेतलाच आहे. खुद्द वॉन यांची बोटेही सोलवटत. ते त्यावर सुपरग्लू लावून वाजवत, आणि पुढे पुढे त्यांनी काही वेळा तारा पातळही केल्या. सुपरग्लूच्या बाबतीत त्यांचे अनुकरण करू नये, हे कळकळीने सांगतो.

पेडलाचेही तसेच आहे. इबानेझ कंपनीच्या ट्यूब स्क्रीमर या पेडलाचा उपयोग ते आवाज फाडण्यासाठी फारसा करत नसत. ड्राइव्ह (आवाज फाटण्याचे प्रमाण) कमी आणि व्हॉल्यूम जास्त ठेवून ते अ‍ॅम्प्लिफायरच्या व्हॉल्व्हना जोर देत. ‘नंबर वन’ या नावाने ओळखली जाणारी त्यांची झिजलेली स्ट्रॅटोकास्टर गिटार १९७० च्या दशकाच्या पूर्वार्धात ऑस्टिनच्या एका वाद्यदुकानातून आली, आणि तिच्यावर डावखुऱ्यांसाठीचा ट्रेमोलो (स्वर हलवण्याची दांडी) बसवला होता. त्यांच्या गिटारींची देखभाल करणाऱ्या रेने मार्टिनेझ यांना तिच्या फ्रेट इतक्या वेळा बदलाव्या लागल्या, की अखेर मानेच्या लाकडात त्या धरण्याची ताकदच उरली नाही. हातात केवढा जोर होता, याचा यापेक्षा ठोस पुरावा मला माहीत नाही.

प्रसिद्धी आली ती एका अपमानाच्या मागोमाग. निर्माते जेरी वेक्सलर यांच्या शिफारशीवरून, कोणत्याही कंपनीशी करार नसलेल्या या बँडला १७ जुलै १९८२ रोजी स्वित्झर्लंडच्या माँट्रो महोत्सवात वाजवायला मिळाले. ती रात्र शांत, अकूस्टिक ब्लूजची होती. या तिघांचा कडाडता आवाज श्रोत्यांतल्या अनेकांना रुचला नाही आणि त्यांनी हुर्यो उडवली. मात्र तिथे प्रसिद्ध गायक डेव्हिड बोवी होते आणि गायक-गीतकार जॅक्सन ब्राउनही होते. ब्राउन यांनी लॉस एंजेलिसमधला आपला स्टुडिओ विनामूल्य देऊ केला, आणि त्या वर्षीच्या नोव्हेंबरात तिथे तीन दिवसांत झालेले ध्वनिमुद्रण, जे बँड केवळ नमुना म्हणून करत होता, तेच पुढे ‘टेक्सास फ्लड’ झाले. बोवी यांनी त्यांना ‘लेट्स डान्स’ या १९८३ च्या अल्बमवर वाजवायला बोलावले. त्यातले शीर्षकगीत जगभर गाजले, आणि निर्माते नाइल रॉजर्स यांच्या नृत्यसंगीताच्या चकचकीत चौकटीत अचानक अल्बर्ट किंग यांच्या वळणाची मींड ऐकू आली. बोवी यांच्या जागतिक दौऱ्यातून मात्र वॉन तो सुरू होण्याच्या थोडे आधी बाहेर पडले. स्वतःचा बँड आणि स्वतःचे संगीत यांच्यासाठी घेतलेला हा निर्णय त्या वेळी अनेकांना वेडेपणाचा वाटला असेल. मला तो त्यांच्या कारकिर्दीतला सर्वांत धीराचा वाटतो. बिली हॉलिडे, बॉब डिलन, ब्रूस स्प्रिंगस्टीन यांना पुढे आणणारे जॉन हॅमंड यांनी त्यांना एपिक कंपनीत नेले, आणि जून १९८३ मध्ये अल्बम प्रसिद्ध झाला. सिंथेसायझरच्या त्या काळात जुन्या धाटणीचा ब्लूज अल्बम बिलबोर्ड नियतकालिकाच्या लोकप्रिय अल्बमांच्या यादीत ३८ व्या क्रमांकापर्यंत पोहोचला. पाठोपाठ १९८४ मध्ये ‘कुडन्ट स्टँड द वेदर’ आणि १९८५ मध्ये, रीझ वायनन्स यांच्या कीबोर्डसह, ‘सोल टू सोल’ आले.

आता नकलेचा आरोप. वॉन यांनी अल्बर्ट किंग यांच्या कितीतरी जागा जशाच्या तशा घेतल्या आहेत, हे खरे आहे आणि त्यांनी ते कधी लपवलेही नाही. किंग डावखुरे होते. तारा न बदलता गिटार उलटी धरत आणि अंगठ्याने छेडत, त्यामुळे पातळ तारा ते खाली, स्वतःकडे ओढत. मोजके स्वर आणि प्रत्येक स्वरावर लांबलचक मींड ही त्यांची ओळख होती. वॉन तीच मींड वर ढकलून काढत, पिकने छेडत आणि तिला शफलच्या ठेक्यात बसवत. डिसेंबर १९८३ मध्ये कॅनडातील हॅमिल्टन येथे या दोघांनी दूरचित्रवाणीसाठी एकत्र वाजवले. ते ध्वनिमुद्रण १९९९ मध्ये ‘इन सेशन’ नावाने आले. त्यात एकापाठोपाठ दोघांचे सोलो ऐका: शब्द तेच आहेत, पण बोलणारी माणसे निराळी आहेत, हे पाच मिनिटांत कळते. हेंड्रिक्स यांचे ‘वूडू चाइल्ड’ही ते मूळच्या बरेच जवळ राहून वाजवत, पण हेंड्रिक्स यांची लय तरंगते आणि वॉन यांची जमिनीत पाय रोवून चालते. ‘रूड मूड’ ही त्यांची वेगवान रचना तर थेट टेक्सासच्या लाइटनिन हॉपकिन्स यांच्याकडे जाते. उगमाची ही यादी फक्त हेंड्रिक्सपाशी थांबवणे म्हणजे टेक्सासला वगळणे आहे.

यात एक अवघड बाजू आहे आणि ती टाळणे बरोबर नाही. ब्लूज ही कृष्णवर्णीयांनी घडवलेली भाषा आहे, आणि अनेक कृष्णवर्णीय कलावंतांना आयुष्यभर मिळाला नाही असा पैसा आणि प्रसिद्धी एका गोऱ्या तरुणाला काही वर्षांत मिळाली. वॉन यांना याची जाणीव होती असे त्यांच्या वागण्यातून दिसते. त्यांनी मंचावरून गुरूंची नावे घेतली, लॉनी मॅक यांच्या १९८५ च्या पुनरागमनाच्या अल्बमच्या निर्मितीत भाग घेतला आणि त्यात वाजवलेही, आणि बडी गाय यांच्यासारख्यांना आपल्या कार्यक्रमांत सन्मानाने बोलावले. १९८४ च्या राष्ट्रीय ब्लूज पुरस्कारांमध्ये वर्षातील सर्वोत्तम मनोरंजनकार आणि सर्वोत्तम वादक हे दोन्ही मान मिळवणारे ते पहिले गोरे कलावंत ठरले. ब्लूजच्या जाणकारांनी दिलेली ही दाद नकलेला मिळत नसते.

दारू त्यांनी लहानपणीच, घरातल्या बाटल्यांतून चोरून चाखली होती. पुढे तिच्यात कोकेनची भर पडली. १९८६ पर्यंत हे जिवावर बेतले. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये वडील वारले, आणि सप्टेंबरच्या अखेरीस जर्मनीतल्या दौऱ्यात लुडविग्सहाफेन येथे वॉन कोसळले. आधी लंडनमध्ये आणि मग अटलांटा येथील व्यसनमुक्ती रुग्णालयात त्यांच्यावर उपचार झाले. त्याच वेळी शॅनन यांनीही उपचार घेतले. त्याच वर्षीचा ‘लाइव्ह अलाइव्ह’ हा अल्बम मी विद्यार्थ्यांना सुचवत नाही; वेग आहे, पण लयीतला तो ठामपणा त्यात नाही, आणि ठेकाच वॉन यांचा प्राण असल्याने ते लगेच जाणवते.

त्यानंतर ते निर्व्यसनी राहिले. ‘लाइफ विदाउट यू’ या गाण्याच्या मध्ये ठेका हलका ठेवून ते श्रोत्यांशी स्वतःच्या व्यसनाविषयी सरळ बोलत. जून १९८९ मधल्या ‘इन स्टेप’ या अल्बमच्या नावातच व्यसनमुक्तीच्या बारा पायऱ्यांचा संदर्भ आहे. ब्रॅमहॉल यांच्यासह लिहिलेली ‘टाइटरोप’ आणि ‘वॉल ऑफ डिनायल’ ही गाणी त्याच अनुभवाची आहेत, आणि या अल्बमला ग्रॅमी मिळाले. त्याच्या अखेरची ‘रिव्हिएरा पॅराडाइज’ ही जवळजवळ नऊ मिनिटांची वाद्यरचना आपण जरूर ऐका. ज्या हाताचा जोर मी वर वर्णिला तोच हात इथे इतक्या हळुवारपणे तारांवर टेकतो, की एकेका स्वराचा उठाव वेगळा मोजता येतो. ज्याला खरोखर जोरात छेडता येते त्यालाच इतके हळू छेडता येते, असे माझे मत ही रचना ऐकून पक्के झाले.

२६ ऑगस्ट १९९० रोजी विस्कॉन्सिनमधील अल्पाइन व्हॅली येथे एरिक क्लॅप्टन यांच्या कार्यक्रमाच्या शेवटी क्लॅप्टन, बडी गाय, रॉबर्ट क्रे, जिमी आणि स्टीव्ही यांनी एकत्र ‘स्वीट होम शिकागो’ वाजवले. मध्यरात्रीनंतर दाट धुक्यात स्टीव्ही यांना घेऊन निघालेले हेलिकॉप्टर जवळच्या टेकडीवर आदळले. त्यांच्यासह त्यातले पाचही जण मरण पावले; मंचावरचे बाकीचे वादक त्यात नव्हते. वॉन ३५ वर्षांचे होते. भावाबरोबर केलेला ‘फॅमिली स्टाइल’ हा अल्बम पुढच्याच महिन्यात आला, आणि १९९१ मध्ये उरलेल्या ध्वनिमुद्रणांचा ‘द स्काय इज क्राइंग’. रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये त्यांचा समावेश २०१५ मध्ये, डबल ट्रबलसह झाला.

आपल्या सरावासाठी आता नेमके सांगतो. ०.०१३ च्या तारा काढून ०.०११ चा संच लावा आणि गिटार अर्धा स्वर खाली मिळवा. पेडल काही महिने बाजूला ठेवा. मेट्रोनोम संथ ठेवून, अ‍ॅम्प्लिफायर न लावता, शफलचे बारा बारांचे एकच आवर्तन रोज वाजवा: पिक सहाही तारांवरून जाऊ द्या आणि डाव्या हाताने नको त्या तारा झाका. सुरुवातीला सगळा आवाज खरखरीत येईल. ऐकू यायला हव्यात त्याच तारा ऐकू येऊ लागेपर्यंत वेग वाढवू नका. सोबत जिमी वॉन यांचे फॅब्युलस थंडरबर्ड्स या बँडमधले वाजवणे ऐका, कारण कमीत कमी स्वरांत ठेका कसा धरावा याचा तो उत्तम धडा आहे. मग फ्रेडी किंग, आणि मग अल्बर्ट किंग. हेंड्रिक्सकडे त्यानंतर या. तारांची जाडी बदलली की मानेचा ताण आणि मागच्या स्प्रिंगांचा तोलही बदलतो, तेव्हा संच बदलल्यावर एखाद्या चांगल्या कारागिराकडून ट्रस रॉड (मानेतली ताण सांभाळणारी सळई), स्प्रिंगा आणि नटच्या (मानेच्या टोकाशी तारा धरणाऱ्या पट्टीच्या) खाचा एकदा तपासून घ्या. जाड तारांसाठी रुंद केलेल्या खाचांत पातळ तार सैल बसून खुल्या तारा खडखडत असतील, तर नट बदलावा लागेल.